टांगलेल्या ध्वनिक्षेपकांचे भारगणित : मैफलीच्या मंचावरील एक दुर्लक्षित प्रश्न

प्रास्ताविक

महाविद्यालयीन स्नेहसंमेलनाच्या परवानगी-अर्जात 'साउंड व लाइट' अशी एक ओळ ठरलेली असते. तिच्यापुढे भाड्याची रक्कम लिहिली जाते, किती वॉटची यंत्रणा येणार याची नोंद होते आणि रात्री दहाच्या मर्यादेचे स्मरण दिले जाते. ध्वनिप्रदूषणविषयक नियम २००० साली आल्यापासून आवाजाच्या पातळीबाबत शिक्षणसंस्था बऱ्याच सजग झाल्या आहेत, ही समाधानाची बाब होय. परंतु तो आवाज काढणारी, माणसाहून जड अशी पेटी विद्यार्थ्यांच्या डोक्यावर कशाच्या आधाराने लटकत आहे, हा प्रश्न त्या अर्जात क्वचितच आढळतो. अर्जावर सही मात्र प्राध्यापकाची असते.

ध्वनिक्षेपक, म्हणजे व्यवहारात ज्यांना आपण स्पीकर म्हणतो, ते उंचावर टांगण्याच्या कामाला या व्यवसायात 'रिगिंग' आणि ते करणाऱ्याला 'रिगर' म्हणतात. हे काम कारागिरीचे आहे. पण त्याचा पाया पदवीपूर्व वर्गात शिकवल्या जाणाऱ्या स्थितिशास्त्रात आहे. 'दोर किती मजबूत आहे' हा प्रश्न सर्वजण विचारतात. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, भार कोणत्या दिशेने, कोणत्या मार्गाने आणि अखेरीस कोठे जातो. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणीतरी कागदावर मांडले आहे की नाही, यावर मंचाखालच्या माणसांची सुरक्षितता अवलंबून असते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

ध्वनिक्षेपक टांगावेच का ?

बिंदुरूप उगमापासूनचे अंतर दुप्पट झाले की ध्वनीची पातळी ६ डेसिबलने घटते. ध्वनिक्षेपक जमिनीवर, श्रोत्यांच्या कानांच्या पातळीवर ठेवला, पहिली रांग त्याच्यापासून ३ मीटरवर आणि शेवटची ४८ मीटरवर असली, तर अंतर चार वेळा दुप्पट होते. म्हणजे दोन रांगांतील फरक २४ डेसिबल. मागच्या श्रोत्याला नीट ऐकू यावे म्हणून आवाज वाढवावा, तर पुढच्याच्या कानाला इजा पोहोचते. तोच ध्वनिक्षेपक कानांच्या पातळीपासून १२ मीटर उंच नेला, की पहिल्या रांगेचे तिरपे अंतर सुमारे १२.४ मीटर आणि शेवटच्या रांगेचे सुमारे ४९.५ मीटर होते. गुणोत्तर चारावर येते, फरक १२ डेसिबलवर. शिवाय उंच सूर पुढच्या रांगांतील माणसांच्या अंगात आणि कपड्यांत शोषले जात नाहीत. तेव्हा टांगणे ही केवळ दिखाव्याची हौस नव्हे. पुढच्या रांगेतील विद्यार्थ्यांच्या कानांचे हितही त्यात आहे.

एकेकाळी ध्वनिक्षेपकांच्या भिंती रचल्या जात. अमेरिकेतील 'ग्रेटफुल डेड' या वाद्यवृंदाने १९७४ साली वापरलेली 'वॉल ऑफ साउंड' ही अशीच प्रचंड रचना होती. पुढे १९९२ मध्ये फ्रान्समधील ख्रिश्चन हाइल आणि मार्सेल उर्बन यांनी अनेक पेट्यांचा एकच अखंड रेषारूप उगम कसा करता येईल याची उपपत्ती मांडली. आज सर्वत्र दिसणारी 'लाइन ॲरे', म्हणजे मंचाच्या दोन्ही बाजूंना केळीच्या घडासारखी वळलेली पेट्यांची लांब माळ, ही त्याच विचाराची परिणती होय. रेषा अखंड राहावी म्हणून पेट्या एकमेकींना घट्ट चिकटून लटकाव्या लागतात. ध्वनिशास्त्राची ही गरज यंत्रशास्त्रावर एक अट लादते. प्रत्येक पेटी तिच्या वरच्या पेटीला खिळीने जोडलेली असल्यामुळे सर्वांत खालच्या पेटीच्या जोडावर केवळ तिचे स्वतःचे वजन येते, तर सर्वांत वरच्या जोडावर संपूर्ण माळेचे. बारावी पेटी लावताना पहिल्या पेटीची खिळी तपासलेली असणे म्हणूनच आवश्यक ठरते.

भाराचा मार्ग

एल-अकॉस्टिक्स या कंपनीची 'के-१' ही मोठ्या मैदानांसाठीची पेटी १०६ किलो वजनाची आहे. अशा १२ पेट्यांचे वजन १,२७२ किलो होते. वरची पोलादी चौकट, केबलचे भारे, साखळी-मोटरी आणि त्यांच्या साखळ्या मिळवल्या की आकडा दीड टनाच्या आसपास जातो. हा एका बाजूचा भार झाला. तो पेटीतून चौकटीत, चौकटीतून शॅकलमध्ये, तेथून मोटरच्या आकड्यात, साखळीत, स्लिंगमध्ये, ट्रस अथवा छताच्या तुळईत, खांबांत आणि शेवटी जमिनीत उतरतो. या मार्गावरील सर्वांत दुबळा दुवा तोच संपूर्ण रचनेचे बळ ठरवतो, हे सर्वांना ठाऊक असते. पण अमुक एक दुवा दुबळा आहे हे ओळखण्यासाठी सर्व दुव्यांची यादी करावी लागते, आणि ती सहसा केली जात नाही.

मोटरविषयी एक तपशील अनेकांना नवा वाटेल. मैफलीत साखळी-मोटर बहुधा उलटी वापरतात. मोटर खाली भाराजवळ राहते आणि स्वतःच्याच साखळीवरून वर चढत जाते. वर चढलेल्या रिगरला मग केवळ साखळीचे टोक ओढून घ्यावे लागते, मोटरचे धूड नव्हे. वीज गेली तर मोटरचा ब्रेक आपोआप लागतो व भार जागीच थांबतो. ही सोय आहे, तशीच ती अडचणही आहे. तिचा उल्लेख वाऱ्याच्या संदर्भात पुन्हा येईल.

प्रत्येक दुव्याला दोन भार असतात : ज्या भाराला तो तुटतो तो, आणि ज्या भारापर्यंत तो वापरावा तो. या दोहोंचे गुणोत्तर म्हणजे सुरक्षा गुणांक. उचलकामात तारदोराच्या स्लिंगसाठी ५ हा गुणांक रूढ आहे. जर्मनीत माणसांच्या डोक्यावर लटकणाऱ्या भारासाठी तो दुप्पट, म्हणजे १०, धरण्याची पद्धत आहे. 'पाच पट बळ आहे ना, मग थोडे वजन वाढले तर काय बिघडले ?' हा युक्तिवाद आपल्याकडे वारंवार ऐकू येतो आणि तो पूर्णतः चुकीचा आहे. गुणांकातील ती चार पट शिल्लक आधीच खर्ची पडलेली असते. झीज, गंज, मोटर सुरू-बंद होतानाचा झटका, वाकलेला दोर आणि वजनाचा चुकलेला अंदाज यांच्या नावे ती लिहिलेली असते.

वजनाचा अंदाज किती महागात पडतो, याचे उदाहरण हाँगकाँगचे आहे. २८ जुलै २०२२ रोजी हाँगकाँग कोलिसियममध्ये 'मिरर' या गायकवृंदाची मैफल सुरू असताना छतापासून टांगलेला एक चित्रपडदा खाली नर्तकांवर कोसळला. एक नर्तक गंभीर जखमी झाला. शासकीय चौकशीत पडद्याचा तारदोर धातूच्या थकव्यामुळे तुटल्याचे आढळले, आणि टांगलेल्या सामग्रीचे प्रत्यक्ष वजन सभागृहाला कळवलेल्या वजनापेक्षा बरेच अधिक असल्याचेही उघड झाले. तेथे टांगलेली वस्तू ध्वनिक्षेपक नव्हती. भारमार्ग मात्र तोच होता. कागदावरचा पहिलाच आकडा खोटा असेल तर त्यापुढील सर्व गणित, कितीही काटेकोर असले तरी, निरुपयोगी ठरते.

बाजारात मिळणाऱ्या साध्या साखळीचा येथे मुद्दाम उल्लेख केला पाहिजे. फाटकाला कुलूप लावण्याची साखळी आणि डोक्यावर भार टांगण्याची मिश्रपोलादी साखळी दिसायला सारख्या असतात. दुसरीच्या कड्यांवर तिची श्रेणी कोरलेली असते. शॅकलवरही त्याचा अनुज्ञेय भार उठावदार अक्षरांत असतो. ज्यावर आकडा नाही तो दुवा वापरू नये, एवढा नियम पाळला तरी पुष्कळ साधते. तारदोराचे टोक वळवून क्लिपा लावल्या असतील, तर त्यांचा पलाणासारखा भाग भार घेणाऱ्या दोरावर आणि यू-आकाराचा बोल्ट मोकळ्या टोकावर असावा लागतो. ही मांडणी अनेक ठिकाणी उलटी आढळते. पॉलिएस्टरचे गोल स्लिंग हलके व सोयीचे असतात. पण पॉलिएस्टर सुमारे २६० अंश सेल्सिअसला वितळते आणि मंचावर दिवे व अग्निक्रीडा असतात. म्हणून अशा स्लिंगच्या जोडीला पोलादी तारदोराचा दुसरा आधार देतात.

कोनाची किंमत

भार नेमका जेथे हवा तेथे छताची तुळई क्वचितच असते. मग दोन तुळयांपासून दोन दोर आणून मध्ये एका बिंदूत जोडतात व त्या बिंदूपासून भार सोडतात. या रचनेला 'ब्रायडल' म्हणतात. दोन दोर आहेत, तेव्हा प्रत्येकावर निम्मा भार, असे सहजच वाटते. दोर उभे असतील तरच ते खरे आहे.

दोन्ही दोर उभ्या रेषेशी सारखाच कोन करीत असतील, तर प्रत्येक दोरातील ताण हा अर्ध्या भारास त्या कोनाच्या कोसाइनने भागून मिळतो. १,००० किलोचा भार घेऊ. कोन ३० अंश असता प्रत्येक दोरात ५७७ किलो ताण येतो. ४५ अंशांना तो ७०७ होतो. ६० अंशांना तो बरोबर १,००० होतो, म्हणजे दोन दोर असूनही प्रत्येकावर पूर्ण भार पडतो. ७५ अंशांना ताण १,९३२ किलो, जवळजवळ दुप्पट. छत बुटके असले की जागा वाचवण्यासाठी दोर आडवे ताणण्याचा मोह होतो. महाविद्यालयांची बहुउद्देशीय सभागृहे बहुधा बुटकीच असतात, हे ध्यानात घेतले पाहिजे.

परंतु दोरातील ताण ही या प्रकरणाची अर्धीच बाजू होय. ६० अंशांच्या उदाहरणात प्रत्येक दोर आपल्या तुळईला ८६६ किलोच्या बलाने आडवे खेचतो. छताचा आराखडा करणारा अभियंता पत्रे, पाऊस, वारा आणि देखभाल करणारी माणसे यांचा विचार करतो; दोन तुळयांना कोणी एकमेकींकडे ओढील अशी त्याची कल्पना नसते. आय-आकाराची तुळई उभ्या भारास जितकी ताठ असते तितकी आडव्या भारास नसते. त्यामुळे दोर शाबूत, शॅकल शाबूत आणि तुळई मात्र बाजूला वळलेली, असा प्रकार संभवतो. आय-बोल्टचेही असेच आहे. खांदा असलेल्या आय-बोल्टला सरळ खेचल्यास जो भार चालतो, त्याच्या सुमारे ३० टक्केच भार ४५ अंशांत खेचल्यास चालतो. खांदा नसलेला आय-बोल्ट तिरपा खेचूच नये.

कायमस्वरूपी सभागृहांत आणखी एक दोष दडलेला असतो. शोभेचे छत बसवल्यानंतर ध्वनिक्षेपक त्या छताच्याच पातळ पत्र्याच्या पट्ट्यांना अडकवलेले असतात. बाहेरून सर्व काही नीटनेटके दिसते. वरची फळी उचलून आत डोकावल्याशिवाय भार खऱ्या स्लॅबपर्यंत पोहोचतो की नाही हे कळत नाही.

तीन आधारांचा भ्रम

ॲल्युमिनियमची लांब ट्रस तीन मोटरींवर उचलतात तेव्हा प्रत्येक मोटरवर एकतृतीयांश भार येतो, हा समज फार दृढ आहे. ट्रसवर २,००० किलोचा भार सारखा पसरलेला असेल आणि आधार समान अंतरावर असतील, तर अखंड तुळईच्या सिद्धान्ताप्रमाणे मधल्या आधारावर एकूण भाराच्या पाच-अष्टमांश, म्हणजे १,२५० किलो येतात आणि दोन्ही टोकांवर प्रत्येकी ३७५ किलो. ६६७ किलोचा हिशोब धरून एक टनाची मोटर मध्ये लावणारा माणूस प्रामाणिक असला तरी मोटर अतिभारित झालेली असते.

हेही मोटरी अगदी एका पातळीत असतील तेव्हाचे. मधली मोटर थोडी खाली राहून तिची साखळी सैल पडली, तर टोकांवर प्रत्येकी १,००० किलो येतात आणि ट्रसमधील सर्वाधिक वाकवणारे आघूर्ण चौपट होते. मोटरींचे वेग थोडेफार भिन्न असतातच. जाणकार मंडळी म्हणूनच भारमापक लावून प्रत्येक बिंदूवरील आकडा पाहतात. डोळ्यांना ट्रस सरळ दिसते यावर विसंबणे पुरेसे नाही. माळ टांगतानाही पुढच्या व मागच्या बिंदूंवर भार सारखा राहत नाही. माळ खाली झुकवावी तसा तो मागच्या बिंदूकडे सरकतो, आणि फार झुकवल्यास जवळजवळ सर्व वजन एकट्या मागच्या मोटरवर येते. उत्पादकांच्या संगणक-प्रणाली हे भार काढून देतात. त्यांचा छापील कागद मागणे हा आयोजकाचा अधिकार आहे.

दुसरा आधार सैल असल्यास काय घडते, हे थोडक्यात पाहू. ५० किलोच्या पेटीला ३० सेंटिमीटर ढील असलेला सुरक्षा-दोर बांधला आहे. मुख्य आधार तुटला, पेटी ३० सेंटिमीटर पडली आणि दोराने तिला २ सेंटिमीटरांत थांबवले. सरासरी बल वजनाच्या १६ पट, म्हणजे ८०० किलोइतके होते. कमाल बल याहूनही अधिक. सुरक्षा-दोर जवळजवळ ताठच असावा असे जे सांगतात त्याचे कारण हे आहे.

वारा आणि तात्पुरती छपरे

मोकळ्या मैदानावर भाराला दुसरी दिशा मिळते. भारतीय मानक ८७५, भाग ३ नुसार वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाला ०.६ ने गुणून न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये काढतात. आराखड्यासाठीचा मूळ वेग मुंबईला ४४ आणि पुण्याला ३९ मीटर प्रति सेकंद धरला जातो. २० मीटर प्रति सेकंद वेगाच्या झोतात, म्हणजे ताशी ७२ किलोमीटरला, दाब २४० न्यूटन होतो. वर उल्लेखिलेल्या १२ पेट्यांच्या माळेचे पुढचे क्षेत्र सुमारे ७ चौरस मीटर आहे. तिच्यावरील आडवे बल सुमारे १७० किलोइतके. माळ झुलेल, पण हा आकडा भयावह नाही. भयावह आहे तो मागचा कापडी पडदा. १२ मीटर रुंद व ८ मीटर उंच पडद्यावर त्याच वाऱ्यात २.३ टनांहून अधिक आडवे बल येते आणि ते थेट त्याच छपराला लागते ज्याला ध्वनिक्षेपक लटकत असतात. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपर येथे वादळी वाऱ्यात १२० फूट लांब-रुंद जाहिरातफलक कोसळून १७ जणांचा बळी गेला. तेवढ्या फलकावर २० मीटर वेगाला ३२ टनांहून अधिक बल येते, हे याच सूत्राने कोणालाही काढता येईल.

अमेरिकेत इंडियाना राज्याच्या जत्रेत १३ ऑगस्ट २०११ रोजी 'शुगरलँड'च्या मैफलीपूर्वी मंचाचे तात्पुरते छप्पर वादळी झोतात कोसळले व ७ जण मृत्यू पावले. अभियांत्रिकी चौकशीचा निष्कर्ष असा होता की, आडवे भार पेलणारी व्यवस्था, म्हणजे ताणदोर आणि ज्यांना ते बांधले होते ते काँक्रीटचे ठोकळे, अपुरी होती. ठोकळे घसरले. उभा भार पेलण्याची छपराची शक्ती हा तेथे प्रश्नच नव्हता. दुसऱ्या एका चौकशीने दाखवून दिले की कार्यक्रम थांबवून मैदान रिकामे करण्याचा अधिकार नेमका कोणाचा, हेच स्पष्ट नव्हते.

याउलट १६ जून २०१२ रोजी टोरांटो येथे 'रेडिओहेड'च्या मैफलीची द्वारे उघडण्यापूर्वी छप्पर कोसळले ते वादळ नसताना. ड्रमची देखभाल करणारे स्कॉट जॉन्सन त्यात मरण पावले. या प्रकरणातील खटला विलंबाच्या कारणास्तव २०१७ मध्ये थांबवला गेला व २०१९ मध्ये मृत्युसमीक्षकाची चौकशी झाली. या घटनेतील बळी प्रेक्षक नव्हता. हाँगकाँगमधील जखमीही प्रेक्षक नव्हते. मंचाखाली सर्वाधिक वेळ वावरतात ते कामगार आणि कलाकार. आपल्या संमेलनांत त्यांच्याबरोबर बिल्ले लावलेले विद्यार्थी-स्वयंसेवक असतात. सुरक्षिततेचा विचार 'कार्यक्रम सुरू झाल्यावर' असा केला तर नेमकी हीच मुले त्यातून सुटतात.

परवानगी देणाऱ्याने काय मागावे

इंग्लंडमध्ये १९९८ च्या उचलसाधनविषयक नियमांनुसार उचलण्याच्या यंत्रांची वर्षातून एकदा, आणि शॅकल-स्लिंगसारख्या साधनांची सहा महिन्यांतून एकदा कसून तपासणी सक्तीची आहे. अमेरिकेत रिगरांसाठी २००५ पासून स्वतंत्र प्रमाणपत्र-परीक्षा घेतल्या जातात. आपल्याकडील १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २९ नेही उचलयंत्रे, साखळ्या व दोर यांची वर्षातून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी करण्याची अट कारखान्यांवर घातली होती. कारखान्यातील एक टनाच्या भाराविषयी जी दक्षता पाऊण शतकापूर्वी आवश्यक मानली गेली, ती महाविद्यालयाच्या मैदानावरील एक टनाला अनावश्यक कशी, याचे समाधानकारक उत्तर देता येत नाही.

म्हणून परवानगी देताना प्राध्यापकाने पुरवठादाराकडून टांगायच्या प्रत्येक वस्तूचे वजन लेखी घ्यावे. प्रत्येक बिंदूवर किती भार व कोणत्या कोनात येणार याचे रेखाचित्र मागावे, आणि त्यावर संरचना-अभियंत्याची सही असावी. सभागृहाच्या छताला किती भार चालतो हे ज्ञात नसेल तर त्या छताला काहीही टांगू न देता यंत्रणा जमिनीवरील स्वतंत्र मनोऱ्यांवर उभारण्यास सांगावे. ध्वनीचा थोडा तोटा होईल. तो सहन करावा. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील सहकाऱ्यांना हे रेखाचित्र तपासण्यास तासाभराहून अधिक वेळ लागू नये.

मैदानावरील कार्यक्रमासाठी वाऱ्याचे टप्पे आधीच लिहून ठेवावेत : कोणत्या वेगाला कापडी पडदे सोडायचे, कोणत्या वेगाला माळा खाली घ्यायच्या, कोणत्या वेगाला मैदान रिकामे करायचे. वेगमापक छपराच्या उंचीवर असावा. माळा खाली घेण्यासाठी वीज लागते आणि वादळात वीजच जाते. तेव्हा मोटरींसाठी जनित्राची सोय वेगळी हवी. थांबवण्याचा निर्णय घेणाऱ्या एकाच व्यक्तीचे नाव परवानगीपत्रात असावे, आणि ती व्यक्ती कार्यक्रमाची निवेदक किंवा प्रमुख पाहुण्यांच्या स्वागतात गुंतलेली नसावी.

उभारणी आदल्या दिवशी उजेडात संपेल असे वेळापत्रक आखावे. भार वर जात असताना त्याच्या खालची जागा दोरी बांधून मोकळी ठेवावी. उतरवणी याहूनही नाजूक असते, कारण ती मध्यरात्री, दमलेल्या हातांनी आणि ट्रक निघायच्या घाईत होते. विद्यार्थी मैदानाबाहेर गेल्याची खात्री करून फाटक लावल्यानंतरच पहिली मोटर खाली घेऊ द्यावी, आणि शेवटची पेटी जमिनीला टेकेपर्यंत जबाबदार प्राध्यापकाने मैदान सोडू नये.